पोटभाडेकरूच्या हातची पाई

क्लिफर्ड एंटविसलनं पालिकेला खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

न सांगणारी माणसं आमच्या ब्रॅकनशॉत कमी नाहीत, आणि त्यांचं छान चाललेलं असतं. आमच्या गल्लीतल्या एकाचा जावई कित्येक वर्षं माळ्यावरच्या खोलीत राहतो आणि पालिकेच्या लेखी तो ऑस्ट्रेलियात मेंढ्या राखतो. नाताळला तो खाली उतरतो, सगळ्यांशी हात मिळवतो, शेरीचा पेला रिचवतो आणि जिना चढून पुन्हा ऑस्ट्रेलियाला जातो. कुणी काही बोलत नाही.

पण क्लिफर्ड पडला सरळ माणूस. जन्मभर पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात मॅनेजर होता. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप छत्तीस आलं की तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर छत्तीस सांगायचा. चौतीस सांगून माणसाला खूश करून पाठवलं असतं तर दुकान कदाचित तगलंही असतं. ते बुडालं, त्याबरोबर दुकानाचं पेन्शनही बुडालं, आणि क्लिफर्डजवळ उरलं सरकारी पेन्शन, मिल लेनवरचं भाड्याचं घर आणि टायांनी भरलेला एक खण. घर गृहसंस्थेचं. भाड्याचा मोठा भाग पालिका भरायची, उरलेलं तो. पालिकेनं हात काढून घेतला असता तर घर सोडून नदीपलीकडच्या एकखणी खोल्यांत जावं लागलं असतं. तिथल्या खिडकीतून कचऱ्याचे डबे दिसतात, आणि क्लिफर्डनं ते एकदा जाऊन पाहूनही ठेवले होते.

तरीही त्यानं मागची खोली भाड्यानं दिली. खोली रिकामी होती, गृहसंस्थेनं परवानगी दिली, आणि ईस्टरच्या सुमाराला मिसेस ग्लेनिस प्रॉबर्ट दोन बॅगा आणि एक पातेलं घेऊन दारात उभी राहिली. बाई वेल्सकडची, विधवा, सदुसष्टीची. लेकीजवळ राहायचं म्हणून आलेली. पण लेकीच्या घरात बाईला झोपायला सोफा होता आणि त्या सोफ्यावर आधीपासून एक कुत्रा झोपत होता. कुत्र्याशी तिचं जमलं नाही.

पातेल्याबद्दल सांगायला हवं. ग्लेनिसनं सगळं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेलं. तीनशे पोरांना वाढलेल्या हाताला एका माणसाचा स्वयंपाक येत नाही. तिनं पहिल्या दिवशी स्वतःपुरता म्हणून मटणाचा आणि कंदमुळांचा रस्सा केला, तो तिला, क्लिफर्डला, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना आणि पोस्टमनला पुरला. दुसऱ्या दिवशी क्लिफर्ड घेवड्याच्या दाण्यांच्या डब्याचं झाकण उघडायला लागला तेव्हा तिनं त्याच्या हातातून डबा काढून घेतला.

"हे काय?"

"माझं रात्रीचं जेवण, मिसेस प्रॉबर्ट."

"हे जेवण नाही. ही शिक्षा आहे. बसा."

तो बसला. तिथून तो रोजच बसत गेला.

तर हा सरळ माणूस, घरात माणूस वाढलं हे कळवलंच पाहिजे म्हणून, चांगला टाय लावून पालिकेत गेला. काचेपलीकडच्या बाईला सर्दी झालेली होती. ती खोकल्याची गोळी चघळत होती.

"घरात कोण आलंय म्हणालात?"

"पोटभाडेकरू."

"पैसे देते?"

"दर शुक्रवारी."

"मग ती पोटभाडेकरूच. तिला जेवायला घालता?"

"मी? छे!"

"घालत असाल तर सांगा हो, तुमचाच फायदा आहे. मग ती पेईंग गेस्ट होते. तिच्या पैशातला बराचसा आम्ही धरतच नाही. पैसे न घेता ठेवलं असतंत तर ती घरातलं वाढीव माणूस झाली असती, त्याची कपात निराळी. सकाळचा टोस्टसुद्धा चालतो. टोस्ट देता ना?"

"टोस्ट त्याच करतात."

"आपापला?"

इथे चौतीस सांगता आलं असतं. क्लिफर्डनं टायची गाठ चाचपली. "नाही. माझाही त्याच करतात. दुपारचं, रात्रीचंही. मला त्याच जेवायला घालतात."

बाईनं गोळी या गालातून त्या गालात सरकवली. "म्हणजे पोटभाडेकरू घरमालकाला पोसते?"

"पोसते असं नाही म्हणता येणार. वाढतात."

"असा रकाना नाही आमच्याकडे." तिनं स्क्रीन वरून खाली, खालून वर पाहिला. मग तिची नजर क्लिफर्डच्या टायवर आली आणि तिथेच जरा रेंगाळली. "बाई साधारण किती वयाची आहे?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"चौथा एक रकाना आहे," ती म्हणाली. "पण त्याच्यासाठी माणूस घरी येऊन बघून जातो."

चौथा रकाना म्हणजे जोडपं. एकाच छपराखाली दोघं जोडप्यासारखी राहत असली तर पालिका दोघांचं पेन्शन एकत्र धरते, आणि भाड्याच्या मदतीला कात्री लागते. लग्न झालेलं असायलाच पाहिजे असं नाही. जेवण कोण करतं, कपडे कोण धुतं, संध्याकाळी कोण कुणाशेजारी बसतं, यावर ठरतं.

बघून जाणारा माणूस लगेच येत नाही. वसंत गेला, उन्हाळा गेला. मधल्या काळात क्लिफर्डनं तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा, थांबा म्हणून लावून ठेवलेली, बासरी ऐकली. आणि मग ऑक्टोबरात पत्र आलं की पुढच्या आठवड्यात आमचे मिस्टर थ्रेलफॉल येतील.

पत्र आल्याचं गल्लीत कसं कळलं ते सांगता येत नाही, पण दुपारपर्यंत मागच्या भिंतीवरून एडना हारग्रीव्हजचं डोकं वर आलं. एडना डावीकडची शेजारीण. तिच्या तोंडात नेहमी कपड्यांचे दोन चिमटे असतात आणि ती त्यांच्या मधून बोलते.

"क्लिफर्ड, अरे बाबा, आधी ती दोरी बघ."

"कुठली दोरी?"

"कपडे वाळत घालायची! माझ्या मावसबहिणीचं असंच झालं. पालिकेचा माणूस आला, त्यानं कुणाला काही विचारलं नाही. मागच्या दारात उभा राहिला आणि दोरीकडे बघितलं. हिचा नाइटगाऊन आणि हिच्या भाडेकरूचे पायमोजे. शेजारी शेजारी, एकाच चिमट्यात! एक चिमटा वाचवायला गेली आणि अर्धी मदत गेली."

"आमचा चिमटा वेगळा आहे," क्लिफर्ड ताठ होत म्हणाला.

"वार वेगळा हवा, राजा. तुझा सोमवार, तिचा गुरुवार."

उजवीकडे झुल्फिकार राहतो. तो टॅक्सी चालवतो आणि दिवसभर गिऱ्हाइकांना सल्ले देऊन उरलेले घरी घेऊन येतो. तो येऊन स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं सगळीकडे नजर फिरवली, घर विकत घ्यायला आल्यासारखी.

"अंकल, एकच किटली?"

"एक पुरते."

"पुरते म्हणूनच फसाल. एक किटली म्हणजे एक घर. दोन किटल्या, दोन टीपॉट, दोन दुधाच्या बाटल्या. फ्रीजमध्ये मधून पट्टी. आणि समोरच्या खोलीतल्या त्या दोन खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून का आहेत?"

"टीव्ही तिथे आहे म्हणून."

"टीव्हीकडे तोंड करून नाहीत त्या. मी बघितलंय."

क्लिफर्डला हे सगळं फार लागलं. एकाहत्तर वर्षांच्या, आयुष्यात कुणाची एक पेनीही न बुडवलेल्या माणसानं स्वतःच्या घरात खुर्च्यांची तोंडं भिंतीकडे वळवायची! पण कचऱ्याचे डबे दिसणारी खिडकी त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्यानं खाली मान घालून ग्लेनिसला सगळं सांगितलं. तिला वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं. ती हसायलाच लागली. तिचं हसू तीन घरं ऐकू जातं.

"म्हणजे आपण वेगळे आहोत हे सिद्ध करायचं? सोपं आहे. रंगीत चिकटपट्टी आणा."

संध्याकाळपर्यंत फ्रीजमध्ये हद्द पडली. वरचे दोन कप्पे इंग्लंड, खालचे दोन वेल्स. लोणी कुणाच्या हद्दीत जावं यावर थोडा वेळ बोलणी झाली आणि शेवटी ते कापून दोन बशांत घातलं. खुर्च्या फिरवल्या. त्यामुळे क्लिफर्डला टीव्हीऐवजी पडदा दिसायला लागला आणि बातम्या त्याला पडद्याकडे बघत ऐकाव्या लागल्या.

जेवणाची वेळही वाटून घेतली. तिची सहाची, त्याची साडेसहाची. आपापलं करायचं, आपापलं खायचं. हे कलम क्लिफर्डनं स्वतःच सुचवलं होतं आणि त्याचा पश्चात्ताप त्याला पहिल्याच संध्याकाळी सहाला झाला. स्वयंपाकघरातून भाजल्या पिठाचा आणि कांद्याचा वास आला. तो पडद्याकडे बघत बसला. साडेसहाला तो आत गेला, डब्याचं झाकण उघडलं, दाणे गरम करून टोस्टवर ओतले आणि सावकाश, मान राखून, एकटाच जेवला. भिंतीपलीकडून तिच्या छोट्या टीव्हीवरची माणसं हसत होती. ती हसत नव्हती. तिचं हसू ऐकायची त्याला इतकी सवय झाली होती की ती हसत नाही हे त्याला लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी चहासाठी एकाच वेळी आपापल्या किटलीचं बटण दाबलं. त्या घराचं वायरिंग क्लिफर्डइतकंच जुनं. फट्ट आवाज झाला आणि सगळीकडे अंधार. फ्यूज जिन्याखालच्या कपाटात, आणि ते कपाट झाडूसाठी बांधलेलं. क्लिफर्ड आत शिरला, त्याला दिसेना म्हणून बॅटरी घेऊन ग्लेनिस आत शिरली, आणि वाऱ्यानं दार लागून बाहेरची कडी पडली. ती काढली एडनानं. ती काल नेलेलं भांडं परत द्यायला आली होती.

"चालू द्या," एडना म्हणाली. या वेळी तिच्या तोंडात चिमटे नव्हते. बहुतेक बाहेरच पडले असावेत.

"आम्ही फ्यूज बघत होतो!"

"दिसतंय ना. तुझ्या केसांत कोळ्याचं जाळं आहे. आणि तिच्याही."

क्लिफर्डनं तिला दारापर्यंत पोचवताना, पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानाचा माजी मॅनेजर म्हणून, तीन वेगवेगळ्या वाक्यांत खुलासा केला. प्रत्येक वाक्यागणिक प्रकरण जास्तच वाईट दिसायला लागलं.

मिस्टर थ्रेलफॉल मंगळवारी आला. पन्नाशीचा, गुडघ्यानं अधू, पावसात भिजलेला माणूस. क्लिफर्डनं मनात एखादा गुप्तहेर धरला होता. हा तर कोट कुठे ठेवू असं तीनदा विचारणारा निघाला. हे काम त्याला क्लिफर्डइतकंच लाजिरवाणं वाटत असावं. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. ग्लेनिस ओव्हनपाशी होती. तिला थ्रेलफॉलनं सांगितलं होतं की तुमच्याशी नंतर वेगळं बोलेन, आणि तिनं सांगितलं होतं की माझी पाई आत आहे, मी कुठेही जाणार नाही.

"कपडे?" थ्रेलफॉलनं विचारलं.

"माझा सोमवार, त्यांचा गुरुवार."

"जेवण?"

"माझं साडेसहा. त्यांचं सहा."

"आणि मग... झोपण्याची व्यवस्था," थ्रेलफॉल एका किटलीकडे बघत म्हणाला.

"वेगळी," क्लिफर्ड दुसऱ्या किटलीकडे बघत म्हणाला.

"बरोबर. बरोबर. त्यांना काही आजार वगैरे, औषधं?"

"मला कल्पना नाही."

"आणि एकमेकांविषयी... हा शब्द माझा नाही, वरून आलाय... आपुलकी?"

क्लिफर्डनं टायची गाठ चाचपली. ओव्हनपाशी भांड्याचा आवाज होत होता तो थांबला.

"शेजाऱ्याला असते तेवढी," तो शेवटी म्हणाला.

"तसं लिहिता येत नाही. आहे किंवा नाही."

"मग नाही लिहा."

जन्मात पहिल्यांदा त्यानं छत्तीसचं चौतीस सांगितलं. ओव्हनचं दार जरा जोरात लागलं.

"पाई झाली," ग्लेनिस म्हणाली. "ताटं घेते."

"मला चालणार नाही," थ्रेलफॉल घाईनं म्हणाला. "कामावर असताना लोकांकडे जेवणं नियमात बसत नाही."

"पाई खायला नियम लागत नाही, काटा लागतो. भिजलेला माणूस रिकाम्या पोटी माझ्या स्वयंपाकघरातून जाणार? बसा तिथे!"

हा आवाज तीनशे पोरांना बसवलेला. थ्रेलफॉल उठला होता तो बसला. क्लिफर्डही बसला, कारण त्याला या आवाजाची सवय होती. आणि पाहुण्याला एकट्याला जेवायला लावणं आमच्याकडे फार असभ्य समजतात. साडेसहा वाजायला अजून बरेच तास होते हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मटण-बटाट्याची पाई, वर भाजल्या पिठाचं सोनेरी कवच, बाजूला उकडलेली गाजरं आणि लाल कोबीचं लोणचं. पहिल्या घासालाच थ्रेलफॉलनं डोळे मिटून घेतले होते.

आणि पुढे जे झालं ते तिथल्या तिघांपैकी फक्त थ्रेलफॉललाच दिसलं, कारण बाकी दोघांना त्यात दिसण्यासारखं काही वाटलंच नाही. ग्लेनिसनं पाईचा करपलेला, कडक कोपरा तोडला आणि न विचारता क्लिफर्डच्या ताटात ठेवला. क्लिफर्डनं न बघता आपल्या ताटातली सगळी गाजरं काट्यानं गोळा करून तिच्या ताटात सरकवली. तिनं मिठाकडे हात नेला. त्यानं खालमानेनंच मिठाची बाटली उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली.

"एवढंसंच," ती म्हणाली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांना कुठे दिसतंय!"

"मला दिसतंय. आणि दुपारची गोळी घेतली नाहीये तुम्ही. घड्याळ बघा."

थ्रेलफॉलचा काटा तोंडाच्या वाटेवर थांबला होता. तो त्यानं हळूच खाली ठेवला.

"मिस्टर एंटविसल," तो अगदी हळू म्हणाला, "कसली गोळी?"

"रक्तदाबाची," क्लिफर्ड म्हणाला, आणि मग त्याला आपण काय म्हणालो ते ऐकू आलं.

थ्रेलफॉलनं वही पुढे ओढली नाही. त्यानं आधी ताटातलं सगळं संपवलं. मग तो म्हणाला, "मी घरी गाजरं सरकवली तर माझी बायको परत सरकवते," आणि तो खिन्न मनानं कोट शोधायला लागला. कोट खुर्चीवरच होता.

आठवड्यानं निकाल आला. मिस्टर एंटविसल आणि मिसेस प्रॉबर्ट हे ऑक्टोबरातल्या भेटीच्या दिवसापासून जोडपं म्हणून राहत असल्याचं पालिकेनं ठरवलं आहे. दोघांचं पेन्शन एकत्र धरून मदत अर्ध्याच्याही खाली येईल. मान्य नसेल तर महिन्याच्या आत हरकत नोंदवावी.

एडना भिंतीवर कोपरं टेकून उभी राहिली. "लढ! मला ही बाई डोळ्यांसमोर नको, असं लिही. मी साक्ष देते."

"कसली साक्ष? तुम्ही आम्हाला कपाटात बघितलंत."

"कपाटात भांडण चाललं होतं म्हणेन."

झुल्फिकारचं म्हणणं निराळं. "अंकल, पैसे तर ते कापणारच. मग लग्नच करून टाका ना. निदान गल्लीला बिर्याणी तरी मिळेल."

क्लिफर्ड टेबलाशी कागद घेऊन बसला. हरकत म्हणजे काय, तर ही बाई माझी कुणी नाही असं स्वतःच्या हातानं लिहायचं आणि खाली सही करायची. एकदा तोंडानं म्हटलं होतं तर तीन दिवस तो टीव्ही बंद असतानाही पडद्याकडेच बघत बसला होता. 'मिसेस प्रॉबर्ट माझ्या कुणी नाहीत' असं त्यानं लिहिलं आणि खोडलं. 'मिसेस प्रॉबर्ट माझ्या फारशा कुणी नाहीत' असं लिहिलं. ते वाचून त्याची त्यालाच इतकी लाज वाटली की कागद फाडून त्यानं चुलीत घालायचं ठरवलं, तर घरात चूल नव्हती, रेडिएटर होता. त्यानं तुकडे खिशात घातले.

खोलीबाहेर येतो तर दारापाशी दोन बॅगा. वर पातेलं.

"हे काय?"

"लेकीकडे जाते," ग्लेनिस म्हणाली. "मी गेले की तुमची मदत पूर्ववत. कुत्रा म्हातारा झालाय आता, सोफ्याचा अर्धा भाग देईल."

"तुम्ही का म्हणून जायचं?"

"मग काय करायचं?" ती आता हसत नव्हती. "पालिकेला कळलं. एडनाला कळलं. झुल्फिकारच्या टॅक्सीत बसणाऱ्या सगळ्या गावाला कळलं. मला मात्र कुणी काही बोललेलं नाही, क्लिफर्ड. मला काय कळलंय सांगू? आपुलकी, नाही. ते मी ओव्हनपाशी उभी राहून ऐकलंय."

घर वाचवायचं तर तिला जाऊ द्यायचं. ती राहायची तर घराला कात्री. क्लिफर्ड जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. त्याच्या तोंडून जे निघालं ते सांगायलाही संकोच वाटतो.

"मी हरकत नोंदवणार आहे," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. "नोंदवा. काय लिहिणार?"

"लिहिता येत नाहीये. तोंडी सांगणार आहे. जे खरं आहे ते."

"मग मी येते ऐकायला. बॅगा इथे राहू देत. परत येऊन उचलीन."

झुल्फिकारनं दोघांना टॅक्सीतून नेलं. वाटेत त्यानं एकही सल्ला दिला नाही; त्याच्या आयुष्यातला हा एकच प्रसंग असावा. क्लिफर्डनं सगळ्यात चांगला टाय लावला होता. ग्लेनिस खिडकीबाहेर बघत होती.

काचेपलीकडे थ्रेलफॉलच होता. दोघांना एकत्र बघून त्याचा चेहरा पडला.

"निकाल मान्य आहे, की हरकत?"

"हरकत," क्लिफर्ड ठामपणे म्हणाला.

शेजारी ग्लेनिसनं पर्सचा बंद घट्ट धरला.

"ठीक आहे," थ्रेलफॉल सुस्कारा टाकत म्हणाला. "म्हणजे तुम्ही दोघं जोडपं नाही असं तुमचं म्हणणं."

"तसं मी कुठे म्हटलं?" क्लिफर्ड म्हणाला. "तारीख चुकली आहे."

"काय?"

"तुम्ही ऑक्टोबर लिहिलंय. ते बरोबर नाही. मे पाहिजे."

काचेपलीकडे पेन थांबलं. शेजारच्या काचेमागची सर्दीवाली बाईसुद्धा गोळी चघळायची थांबली.

"मे महिन्यात," क्लिफर्ड खाकरला, "मिसेस प्रॉबर्ट इस्त्री करत होत्या आणि फोन वाजला. माझी राखाडी विजार होती. दुकानातली शेवटची, लोकरीची, मी स्वतःच्या हातानं कापून घेतलेली. मागे इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं. आणि मी म्हणालो, असू दे, काही बिघडलं नाही. मी! जन्मभर विजारी विकलेला माणूस! आणि विशेष म्हणजे मला खरंच काही वाटलं नव्हतं. रात्रभर विचार केला तरी वाटेना. तेव्हा मला कळलं. म्हणून म्हणतो, ऑक्टोबर चूक आहे. सरकारी कागदावर चुकीची तारीख नको. आणि त्या दिवशी मी तुम्हाला आपुलकी नाही असं सांगितलं, तेही दुरुस्त करून घ्या."

थ्रेलफॉलनं पेनाचं टोपण हळूच लावून टाकलं. आजूबाजूला बघितलं आणि काचेच्या भोकाजवळ तोंड आणलं. "मिस्टर एंटविसल, मी मे लिहिलं तर मे ते ऑक्टोबर मिळालेली सगळी जादा मदत तुम्हाला परत करावी लागेल. कळतंय का?"

"जे खरं आहे ते..."

"गप्प बस, क्लिफर्ड," ग्लेनिस म्हणाली.

तिचा चेहरा लाल झाला होता, आणि ती रडते आहे की हसते आहे ते सांगता आलं नसतं. तिनं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि काचेसमोर स्वतः उभी राहिली.

"दादा, ऑक्टोबरच ठेवा."

"पण हे म्हणतायत मे."

"हा काय म्हणतो ते सोडा. जोडप्याला दोन माणसं लागतात. मे महिन्यात हा एकटाच होता." ती थांबली. "खरं तर मला आजच विचारलंय. पण तुमची गैरसोय नको. ऑक्टोबर चालेल मला."

थ्रेलफॉलनं टोपण काढलं आणि हरकतीच्या कागदावर आडवी रेघ मारली.

"पण मी कुठे विचारलं?" क्लिफर्ड गोंधळून म्हणाला.

"बाहेर चल," ती म्हणाली. "मी सांगते काय विचारलंस ते."